सीओईपी, व्हीजेटीआय, पीआयसीटी मिळेल का? नाशिककरांनी शक्यता कशी काढावी

जूनमध्ये इंजिनिअरिंगच्या सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की कॉलेज रोडच्या क्लासपासून गंगापूर रोडच्या चहाच्या टपरीपर्यंत एकच संवाद ऐकू येतो. "किती आले?" "सत्त्याण्णव पॉइंट सहा." "मग पुणं फिक्स!" सांगणारा जरा खवचट असेल तर, "मग के. के. वाघ बघा, घरचा डबा तरी मिळेल." दोन्ही उत्तरं हवेतली. तेवढ्याच पर्सेंटाइलवर एका मुलीला पुण्यात हवी ती शाखा मिळते, तिच्याच बाकावरच्या मुलाला मिळत नाही, आणि त्यात नशिबाचा वाटा लोक समजतात त्याहून बराच कमी असतो.

ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी इंजिनिअरिंगला जातंय, ज्यांना कॅप राउंड (राज्यभरच्या कॉलेजांच्या एकत्रित, केंद्रीभूत प्रवेशाची फेरी) हा शब्दही नवा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. निफाड, सिन्नर, मालेगाव, कळवण, कुठूनही असा, गणित तेच आहे. ते घरी बसून, एका वहीत, कोणाला पैसे न देता करता येतं.

पायरी १: पर्सेंटाइल बाजूला ठेवा, क्रमांक काढा

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. पेपर २०० मार्कांचा. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन मार्कांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका मार्काचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. परीक्षा अनेक दिवस, अनेक शिफ्टमध्ये होते. आपल्या शिफ्टमधले किती टक्के विद्यार्थी आपल्या बरोबरीला किंवा मागे राहिले, तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल. म्हणून "माझे मार्क तुझ्यापेक्षा जास्त, मग पर्सेंटाइल कमी कसं?" या वादात दिवस घालवू नका. शिफ्ट वेगळी, तर मार्कांची तुलनाच होत नाही.

खरी मेख पुढे आहे. २०२४ मध्ये पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटाची सीईटी सुमारे २ लाख ९५ हजार विद्यार्थ्यांनी दिली. २०२५ मध्ये हाच आकडा सुमारे ४ लाख २२ हजारांवर गेला. आता ९९ पर्सेंटाइल घ्या. २०२४ मध्ये त्याचा अर्थ तुमच्या पुढे साधारण २,९५० जण. २०२५ मध्ये त्याच ९९ ला पुढे साधारण ४,२२० जण. २०२४ मधल्या ९९ ची जागा २०२५ मध्ये राखायची तर ९९.३ लागले असते. नामांकित कॉलेजांच्या जागा काही त्या प्रमाणात वाढलेल्या नसतात. म्हणून "गेल्या वर्षी ९९ ला अमुक मिळालं होतं" हे वाक्य ऐकलं की आधी विचारायचं, त्या वर्षी परीक्षेला किती जण बसले होते?

वहीत पहिली ओळ अशी लिहा: शंभरातून आपलं पर्सेंटाइल वजा करा, परीक्षा दिलेल्यांच्या संख्येने गुणा, शंभराने भागा. ९७.६ असतील तर २०२५ च्या हिशेबाने २.४ टक्के, म्हणजे सुमारे दहा हजार जण पुढे. हा झाला अंदाज. कॅपची नोंदणी आणि कागदपत्रांची तपासणी झाल्यावर सीईटी सेल (ही परीक्षा आणि प्रवेश सांभाळणारं सरकारी कार्यालय) गुणवत्ता यादी लावतं, त्यात राज्य गुणवत्ता क्रमांक असतो. परीक्षा दिलेले सगळेच कॅपचा फॉर्म भरत नाहीत, त्यामुळे तो क्रमांक तुमच्या अंदाजापेक्षा थोडा वरचा निघतो. इथून पुढे पर्सेंटाइल विसरा आणि हाच आकडा डोक्यात ठेवा.

(२०२६ पासून ही परीक्षा दोनदा घेण्याचं राज्य सरकारने जाहीर केलं. त्यामुळे जुन्या वर्षांच्या पर्सेंटाइलशी तुलना आणखी सैल होते, आणि क्रमांक धरून चालायला आणखी एक कारण मिळतं.)

पायरी २: आपलं होम युनिव्हर्सिटी कोणतं

नाशिककरांनी सगळ्यात जास्त दुर्लक्ष केलेली गोष्ट ही, आणि हीच आपल्या सगळ्यात फायद्याची.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं क्षेत्र पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांचं. म्हणजे नाशिक जिल्ह्यातून बारावी झालेला विद्यार्थी पुण्यातल्या खासगी कॉलेजांसाठी बाहेरचा नाही, तो होम युनिव्हर्सिटीचा, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातला. या कॉलेजांत राज्याच्या कोट्यातल्या बहुतांश जागा, साधारण ७० टक्के, होम युनिव्हर्सिटीसाठी असतात आणि उरलेल्या ३० टक्के बाहेरच्यांसाठी. पीआयसीटी, व्हीआयटी अशा नावांसाठी नाशिकचा मुलगा पुण्याच्या मुलाच्याच रांगेत उभा राहतो. मालेगावचा मुलगा या रांगेत, आणि तिथून तासाभराच्या अंतरावरचा धुळ्याचा मुलगा मात्र बाहेरचा, कारण धुळे जळगावच्या विद्यापीठात जातं.

मुंबईच्या खासगी कॉलेजांत हे उलटं होतं. अंधेरीचं एसपीआयटी घ्या. पंचवटी एक्स्प्रेसने रोज ये-जा करणारे नाशिकमध्ये कितीही असोत, कॅपच्या लेखी नाशिककर तिथे परका, कारण ते मुंबई विद्यापीठाचं क्षेत्र.

आणि सरकारी, अनुदानित स्वायत्त संस्थांत ही भानगडच नाही. सीओईपी म्हणजे पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, १८५४ पासूनची संस्था, २०२२ मध्ये ती स्वतःच विद्यापीठ झाली. तिथे, मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये आणि सांगलीच्या वालचंदमध्ये जागा राज्य पातळीवर भरतात. गडचिरोली असो की गंगापूर रोड, रांग एकच.

आता सावधगिरी. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्यांचं होम युनिव्हर्सिटी ठरतं ते बारावी जिथल्या कॉलेजातून झाली त्यावरून. तुमचं घर इंदिरानगरला असलं तरी अकरावी-बारावीला लातूरला पाठवलं असेल, तर होम युनिव्हर्सिटी नांदेडचं लागतं आणि पुण्याची ती मोठी रांग हातची जाते. राजस्थानातल्या कोटा शहरातून बारावी केली असेल तर डोमिसाइलच्या आधारे वेगळ्या प्रकारात अर्ज होतो, तिथे डोमिसाइल दाखला नसेल तर सगळंच अडतं. नाशिकमधली सीबीएसई शाळा असेल तर चिंता नाही, शाळा जिथे तिथलंच विद्यापीठ. दहावीनंतर मुलाला बाहेर पाठवायचा विचार करणाऱ्या पालकांना हे कोणी सांगत नाही. क्लासवाले तर नाहीच.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागते तेव्हा आपल्या नावासमोर होम युनिव्हर्सिटी काय छापलंय ते बघा. चुकलं असेल तर हरकत नोंदवायला मोजकेच दिवस असतात.

पायरी ३: कटऑफच्या तक्त्यात आपली रांग शोधा

सीईटी सेल प्रत्येक फेरीनंतर कटऑफची पीडीएफ टाकतं. शेकडो पानांची असते, पहिल्यांदा उघडली की डोळे फिरतात. पण प्रत्येक रकान्याच्या डोक्यावरचा कोड तीन तुकड्यांत वाचला की उलगडतो. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या राखीव जागा. मधला भाग प्रवर्ग: ओपन, ओबीसी, एससी, एसटी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), एनटीचे (भटक्या जमातींचे) प्रकार. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम, ओ म्हणजे बाहेरचे, एस म्हणजे राज्य पातळी. "एल ओबीसी एच" म्हणजे ओबीसी प्रवर्गातल्या मुलींसाठीच्या होम युनिव्हर्सिटीच्या जागा. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफीच्या जागा) यांचे रकाने वेगळे.

रकान्यात दोन आकडे असतात: वर गुणवत्ता क्रमांक आणि कंसात पर्सेंटाइल. वरचा घ्या.

मुलीचं नाव जी आणि एल दोन्ही रांगांत विचारात घेतलं जातं. राखीव प्रवर्गातल्या विद्यार्थ्याचा विचार ओपनमध्येही होतो. म्हणून आपल्याला लागू होणाऱ्या सगळ्या रांगा लिहून काढा. समजा सिन्नरची एक मुलगी, ओबीसी, क्रमांक दहा हजारांच्या आसपास. पुण्याच्या खासगी कॉलेजासाठी तिच्या चार रांगा: जी ओपन एच, एल ओपन एच, जी ओबीसी एच, एल ओबीसी एच. चारपैकी कुठल्याही एकीत बसली तरी जागा तिची. तिच्या बाकावरच्या ओपनमधल्या मुलाला एकच रांग. सुरुवातीला म्हटलं तो फरक इथून येतो.

एक धोक्याचा कंदील. लहान रांगांवर विश्वास ठेवू नका. एखाद्या शाखेत एखाद्या एनटी प्रवर्गातल्या मुलींसाठी एकच जागा असते. त्या वर्षी तिथे कोण आली यावर तो कटऑफ ठरतो, पुढच्या वर्षी तो हजारोंनी वर-खाली होतो. जी ओपन एचसारख्या मोठ्या रांगांचे आकडे बऱ्यापैकी स्थिर असतात.

जेईई मेन दिली असेल तर तो स्कोअरही फॉर्ममध्ये भरा. ऑल इंडिया जागांसाठी वेगळा गुणवत्ता क्रमांक मिळतो, आणि महाराष्ट्राच्या विद्यार्थ्यालाही त्या जागा मिळू शकतात. सीईटी बिघडली पण जेईई बरी गेली अशी मुलं दरवर्षी असतात.

टीएफडब्ल्यूएसबद्दल गैरसमज फार. या ५ टक्के जादा जागा असतात, ट्यूशन फी माफ, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. पण फी माफ म्हणून झुंबडही तिथेच, त्यामुळे कटऑफ बहुतेक वेळा ओपनपेक्षा कडक. शिवाय २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाला ट्यूशन आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. सिन्नरच्या त्या मुलीने टीएफडब्ल्यूएसच्या मागे धावायचं फारसं कारण उरत नाही.

पायरी ४: तीन वर्षं, पहिली आणि शेवटची फेरी

आता हव्या त्या दहा-पंधरा कॉलेज-शाखा जोड्यांसाठी वहीत तक्ता आखा. तीन वर्षांचे शेवटचे गुणवत्ता क्रमांक, पहिल्या फेरीचा आणि शेवटच्या फेरीचा, आपल्याच रांगेतला. माझी फूटपट्टी साधी आहे. तिन्ही वर्षी पहिल्या फेरीच्या आकड्याच्या आत तुमचा क्रमांक बसत असेल तर जागा जवळपास तुमची. नुसत्या शेवटच्या फेरीत बसत असेल तर काठावर. कुठेच बसत नसेल तर ते स्वप्न, आणि स्वप्नं फॉर्ममध्ये लिहायला बंदी नाही.

फेरीगणिक आकडा सैल का होतो? वरची मुलं आयआयटी, एनआयटी, बिट्सला निघून जातात, त्यांच्या जागा मोकळ्या होतात. पण कम्प्युटरला ही सैलाई फार थोडी असते. सीओईपी आणि व्हीजेटीआयचं कम्प्युटर ओपनमध्ये ९९.९ च्या आसपास बंद होतं, पीआयसीटीचं ९९ च्या वर. तिथे "शेवटच्या फेरीत मिळेल" ही आशा म्हणजे मृगजळ. त्याच सीओईपीत सिव्हिल किंवा मेटलर्जी मात्र बरंच खाली उतरतं. सीओईपीचं मेटलर्जी की नाशिकमधलं कम्प्युटर, यावर घरोघरी भांडणं होतात. माझं मत विचाराल तर ज्या मुलाला कोडिंगची खरी ओढ आहे त्याला नावासाठी मेटलर्जीत ढकलू नका. पण "कम्प्युटर म्हणजे नोकरी" एवढंच कारण असेल तर चांगल्या संस्थेतली कोअर शाखा मी आधी निवडेन. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्या वडिलांना हे पटवावं लागत नाही, मुलांनाच पटवावं लागतं.

पायरी ५: दाखले, आणि ही पायरी खरं तर पहिली

रांग तुमची आहे, पण दाखला नाही, तर रांग नाही. एवढ्या एका कारणाने दरवर्षी मुलं राखीवमधून ओपनमध्ये फेकली जातात.

जात प्रमाणपत्र पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच करायचा; निकालानंतर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात रांगा लावणाऱ्यांची अवस्था बघवत नाही. एसटीसाठी पडताळणी समिती वेगळी आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पालकांनी तर अकरावीचा प्रवेश झाला की लगेच फाइल लावावी, जुन्या नोंदी शोधण्यातच महिने जातात. ओबीसी, एसईबीसी, एनटी यांना नॉन-क्रीमीलेअरही हवं, आणि ते प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं. जुनं संपलेलं चालत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखलाही चालू वर्षाचा. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, ही कामं महा ई-सेवा केंद्रातून एप्रिलमध्येच उरकून घ्या. जूनमध्ये सगळा जिल्हा तिथेच असतो. दाखल्यांवरची नावं दहावीच्या मार्कशीटशी जुळतात का, एवढं बघाच. वडिलांचं नाव एकीकडे "बाळू" आणि दुसरीकडे "बाळासाहेब" असलं की तपासणीत अडकलंच.

बारावीला पीसीएममध्ये ओपनसाठी ४५ टक्के आणि राखीवसाठी ४० टक्के किमान हवेत. सीईटीच्या नादात बोर्डाकडे पाठ फिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पायरी ६: पसंतीक्रम भरताना

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. लोक शक्यता बघून क्रम लावतात: "हे मिळणार नाही, म्हणून खाली टाकू." चूक. यंत्रणा तुमच्या यादीतून वरून खाली येते आणि जिथे तुमचा क्रमांक बसतो ती पहिली जागा देते. वर न मिळणारं कॉलेज टाकल्याने खालचं हातचं जात नाही. म्हणून क्रम लावायचा तो निव्वळ आवडीचा. शक्यतेचा उपयोग एवढाच की यादीच्या तळाशी दोन-चार खात्रीच्या जागा आहेत ना, हे बघायला.

मात्र २०२५ पासून नियमांत एक काटा आलाय. चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती घ्यावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळाली तर तेच, तिसऱ्यात पहिल्या सहापैकी. नाकारलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. यादीच्या डोक्यावरच्या सहा ओळींत एकही उगाच भरलेली ओळ नको, जिथे उद्या खरंच जाऊन बसाल तेच तिथे लिहा. "मित्राने टाकलं म्हणून मीही टाकलं" असलं कॉलेज दुसऱ्या नंबरवर असेल तर ते तुमच्या गळ्यात पडू शकतं.

बंधनकारक नसलेली जागा मिळाली तर १,००० रुपये भरून ती धरून ठेवता येते आणि बेटरमेंट निवडून पुढच्या फेरीत जाता येतं. वरचं मिळालं की आधीचं आपोआप सुटतं, दोन्ही हातात राहत नाहीत. जे मिळालंय ते खरोखर हवं असेल तर फ्रीझ करून, म्हणजे तेच पक्कं करून, मोकळे व्हा.

फॉर्म स्वतः भरा. "ऑप्शन फॉर्म भरून देतो" म्हणत हजारो रुपये घेणारे निकालानंतर पावसाळी छत्र्यांसारखे उगवतात. त्यांना लॉगिन आणि ओटीपी दिलात तर यादी तुमची राहत नाही. आणि कोणी "सीओईपीला मॅनेजमेंट कोट्यातून काढून देतो" म्हणाला तर दार दाखवा. सीओईपी-व्हीजेटीआयला असा कोटाच नाही.

नाही मिळालं तर?

दहावीच्या पालकांनीही हे वाचावं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि तो सीईटीवर नाही, डिप्लोमाच्या गुणांवर होतो. सामनगाव रोडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून चांगले टक्के काढलेल्या विद्यार्थ्याला पुण्या-मुंबईच्या नामांकित संस्थांचं दार याच वाटेने उघडतं. ज्याला बोर्ड आणि सीईटी एकदम झेपत नाही, पण हात चालतो, त्याच्यासाठी ही वाट मला सीईटीपेक्षा बरी वाटते.

जागा मिळाली, आता पोहोचा

कॉलेजात हजर होण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते. पुण्याला सिन्नर, संगमनेर, नारायणगाव या रस्त्याने पाच-सहा तास धरा, चाकणला अडकलात तर त्याहून जास्त. शेवटच्या दिवशी निघू नका. हॉस्टेलचा अर्ज बहुतेक वेळा वेगळा असतो, त्याची चौकशी त्याच खेपेत करा, कारण पुण्यात खोली आणि मेसचा खर्च फीच्या बरोबरीला जाऊ शकतो. मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला कॉलेज जमा करून घेतं. त्याआधी सगळ्यांचे स्कॅन आणि चार-पाच झेरॉक्स संच घरी काढून ठेवा, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तेच कागद लागतात.